आपल्याला कोण पाहते आहे?

आलापल्लीच्या डेपोत सागाचा लठ्ठा आला की त्यावर खात्याच्या हातोड्याची खूण उमटते, क्रमांक पडतो, लांबी-गोलाई मोजली जाते आणि तो कुठल्यातरी लॉटमध्ये लिलावाला लागतो. लाकडाची त्याबद्दल काही तक्रार नसते. माणसाचे तसे नाही. आपल्यावर कोणती खूण उमटली आहे हे त्याला पुन:पुन्हा पाहावेसे वाटते, आणि मोबाईलने ही सोय आता खिशात आणून ठेवली आहे.

आमच्या भागात ही सोय उशिरा आली. आलापल्लीहून भामरागड, एटापल्ली, सिरोंचा अशा वाटा फुटतात. त्या वाटांवरच्या अनेक गावांत वर्षानुवर्षे रेंज नव्हती. जिथे टॉवर उभे राहिले तिथे माओवाद्यांनी ते जाळल्याच्याही घटना घडल्या. 'खबऱ्या' हा एक शब्द माणसाच्या जिवावर बेतू शकतो, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. दुसऱ्याने दिलेले नाव किती जड असते, हे आम्हाला फेसबुकच्या आधीपासून ठाऊक आहे.

'मला कोण पाहते?' हा प्रश्न मुसलमानाला नवा नाही. किरामन कातिबीन आपल्या बऱ्या-वाईट कृत्यांची नोंद ठेवतात, हे आपण लहानपणीच ऐकलेले असते. पण त्या नोंदवहीचा एक विशेष आपण फारसा लक्षात घेत नाही: ती शेजाऱ्याला वाचता येत नाही. म्हणून चूक झाली तर गुपचूप तौबा करता येते, आणि उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू न देताही भागते. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) 'इह्या'मध्ये रियेचा, म्हणजे लोकांना दिसावे म्हणून केलेल्या इबादतीचा, फार बारकाईने विचार केला आहे. चारचौघांत नमाज जशी दिसते तशीच ती दिसत राहावी म्हणून एकांतातही ती सजवणे, हीसुद्धा रियाच, असे त्यांचे म्हणणे. कॅमेरा हातात नसतानाही आपण आता मनातल्या मनात फोटोची चौकट धरतो, तेव्हा त्यांचा मुद्दा नऊशे वर्षांनी पटतो.

२०२०च्या टाळेबंदीत मदतीच्या पिशव्यांबरोबर घेतलेली छायाचित्रे आठवा. देणाऱ्याच्या रियेबद्दल पुष्कळ बोलले गेले. मला त्या चित्रातली घेणारी बाई अधिक सतावते. तिने आयुष्यभर पदर सावरून जी इभ्रत जपली, तिच्याऐवजी 'रेशन घेणारी' एवढीच ती शेकडो मोबाईलांत उरली. तिला विचारले कोणी?

यावर काहीजण म्हणतात, मग दिसूच नका, मोबाईल बंद ठेवा. हा सल्ला अल्पसंख्याकांना परवडणारा नाही. आपण स्वत:ला दाखवले नाही तर आपल्याला दुसरे कोणीतरी दाखवते. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुण अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. फेसबुकवरच्या ज्या विटंबनेच्या मजकुरावरून ते सगळे पेटले, त्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख त्या क्षणी धरली गेली. २०२३च्या जानेवारीत आरोपी निर्दोष सुटले. त्याच्यावर मारलेली खूण कोणी मारली, याचे उत्तर कागदोपत्रीही राहिले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये काही तरुणांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. पोरांनी काय ठेवले यापेक्षा ते का ठेवावेसे वाटले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. रोज कोणीतरी आरोपाच्या सुरात विचारते, 'तू कोण?' आणि पोरगा आरोप करणाऱ्याच्याच शब्दांत उत्तर देतो: हो, मी तोच! औरंगजेबाची चार पाने त्याने वाचलेली नसतात. त्याची ही अस्मिता त्याची नाहीच, ती समोरच्याने बेतून दिलेली आहे. याने फक्त अंगात घातली. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते, त्याखाली आलेले नाव पोलीस ठाण्यात राहते. दोष त्याचा एकट्याचा म्हणावा तर यंत्राचाही हात त्यात आहे. राग आणणारी फीत माणूस थांबून पाहतो, हे यंत्राला कळते आणि ते तशीच दुसरी पुढे सरकवते. श्रीगोंद्याचे शेख महंमद किंवा बार्शीचे शाहीर अमर शेख त्याच्यापुढे आपणहून येत नाहीत. ते आपणच त्याला द्यायला हवे होते. आपल्या घरांत आणि मदरशांत ते किती वेळा निघाले?

आलापल्लीतला एखादा मुलगा घरी हिंदीसारखी काहीतरी बोलतो, बाजारात मराठी, सिरोंच्याकडच्या गिऱ्हाइकाशी तोडकीमोडकी तेलुगू, आणि माडिया मित्राची हाक त्याला कळते. सागाचे कोवळे पान चोळले की तळवा लाल होतो, हे त्याला माहीत आहे. कापलेल्या लठ्ठ्यावरची वर्तुळे मोजून झाडाचे वय सांगणारे म्हातारे त्याने पाहिले आहेत. त्याच्या मोबाईलवर मात्र दूरच्या शहरातला कोणी अनोळखी माणूस ओरडून बोलत असतो, खाली तलवारीचे चित्र असते. बाकीचे सारे स्टेटसवर कसे ठेवायचे, हे त्याला सुचलेले नाही.