काळी काच आणि पलीकडचा माणूस

२०१० सालच्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या मोटारीच्या काचांना काळी फिल्म लावून घेतली. कारण विचाराल तर वडोदऱ्याचे ऊन. हे कारण खरे होते, परंतु पुरते खरे नव्हते. चौकात गाडी थांबली म्हणजे काचेवर टकटक करणारे हात आम्हांला नकोसे झाले होते. आता आपण त्यांना पाहतो, ते आपल्याला पाहत नाहीत, याचे मोठे सुख वाटले.

कारागिराने काच आतून नीट धुतली, साबणाचे पाणी शिंपडले, ओल्या काचेवर फिल्म सरकवून बसवली आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढले. धुळीचा एक कण राहिला तरी फोड दिसतो, असे तो म्हणाला. चार दिवस काच खाली करू नका, अमोनिया असलेले द्रव लावू नका, मऊ फडक्यानेच पुसा, या त्याच्या सूचना आम्ही निष्ठेने पाळल्या. काचेची एवढी निगा! काचेपलीकडच्या माणसाची किती?

त्याच पावसाळ्यात एका रात्री गल्लीत वळताना बाजूच्या काचेतून काहीच दिसेना. एकदम ब्रेक दाबावा लागला. सायकल हाती धरून एक म्हातारा चाकापासून वीतभर अंतरावर उभा होता. आत कोण आहे हेच त्याला कळत नव्हते.

दुपारी उजेड विपुल असतो. त्यातला निम्मा अडला तरी चालते. रात्री मुळात थोडा, त्याचाही निम्मा जातो. आणि आत दिवा लावला तर उलटेच होते: आपण लोकांना दिसतो, लोक आपल्याला दिसत नाहीत. दुसऱ्यापासून लपण्यासाठी जे लावले, त्यानेच दुसरा आमच्यापासून लपला.

मग आडोसा करणेच वाईट काय? तसे नव्हे. घराच्या पडद्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण रस्ता सर्वांचा आहे. पायी चालणारा चालकाचे तोंड पाहून ठरवतो की थांबावे की जावे. तेच तोंड झाकले तर त्याने काय करावे? उन्हापासून रक्षण करणारा आडोसा वेगळा आणि जबाबदारीतून सोडवणारा वेगळा.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्मला मनाई केली. पुढे नियम बदलले. २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने प्रमाणित फिल्म लावण्यास हरकत नाही असे ठरवले. तरी पुढच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार गेलाच पाहिजे.

वाचकहो, त्या रात्रीनंतरही आमच्या काचा दोन वर्षे काळ्याच होत्या. आम्ही फिल्म काढली ती दंडाच्या भयाने, हे लिहिताना लाज वाटते. चिकटलेला गोंद खरवडण्यात एक अख्खी दुपार गेली.

चौकात आताही टकटक होते. दर वेळी आम्ही देतोच असे नाही. पण नाही म्हणावयाचे ते तोंडाकडे पाहून म्हणतो. आणि तसे पाहिल्यावर नाही म्हणणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.