जोराचे पिस्तूल

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या गावच्या बाजारात टिकल्यांची पिस्तुले येतात. पूर्वी ती पत्र्याची असत, आता बहुतेक प्लास्टिकची. गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन मी दुकानापुढे उभा होतो. दोरीला टांगलेल्या पिस्तुलांतले सर्वांत मोठे त्याने बोटाने दाखवले आणि दुकानदाराला विचारले, "हे जोरात वाजते का?" मला हसू आले आणि लगेच ते विरले; कारण त्याच पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी नेमका हाच प्रश्न घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसला होता. फरक इतकाच, की त्याचे वय बेचाळीस होते आणि त्याला खरे पिस्तूल घ्यायचे होते.

हा तुमसरकडचा. धानाची गिरणी आहे. हंगामात धान येते तशी रोकडही येते, आणि रोकड कधी येते हे ज्यांना कळायला नको त्यांनाही कळते. दोन वर्षांपूर्वी एका रात्री चार-पाच जण गिरणीत शिरले. राखणदाराला त्यांनी खांबाला बांधले, कपाट फोडले आणि जाता जाता, काही गरज नसताना, याच्या वृद्ध वडिलांच्या डोक्यात काठी घातली. वडील वाचले, पण त्यांची वाचा गेली ती गेलीच. तेव्हापासून हा अर्ज, पोलीस चौकशी आणि जिल्हाधिकारी कचेरी यांच्या फेऱ्या घालत होता. अखेर परवाना मिळाला.

"गुरुजी, पदार्थविज्ञान तुम्हीच शिकवले," तो म्हणाला. "आता सांगा, कोणते घेऊ? मला असे पाहिजे, की एका गोळीत माणूस जागेवर बसला पाहिजे."

गतीचे नियम मी तीस वर्षे शिकवले. पण इतक्या कळकळीने ते मला कोणी विचारले नव्हते. मी कागद घेतला. अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे काय ते त्याला ठाऊकच होते : चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि तिच्याच धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडून पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. सामान्य माणसाला आपल्याकडे मिळते ते .३२ बोअरचे. त्याची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास. फौजेत आणि पोलिसांत चालते ते ९ मिलिमीटरचे. त्याची गोळी साताठ ग्रॅम, आणि ऊर्जा जवळजवळ तिप्पट. याचे मन अर्थातच त्या दुसऱ्यावर होते. ते कायद्याने निषिद्ध आहे, हे ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हणजे चोराने काहीही आणावे आणि मी मात्र सरकारने मोजून दिलेले घ्यावे!"

त्याचा राग मला समजतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, याची चीड अहिंसेच्या पुजाऱ्यालाही, खुद्द गांधीजींनाही होती. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. त्याच्या कलमांत एक मोठी सूचक गोष्ट आहे. शेताच्या राखणीला ठासणीची बंदूक किंवा स्वसंरक्षणाला निदान वीस इंच नळीची साधी बंदूक मागितली, तर कायद्याचा हात सैल आहे. पिस्तूल मागणाऱ्याला मात्र 'कशाला हवे' याचे पटेल असे कारण द्यावे लागते. जे शस्त्र खांद्यावर दिसते त्याची कायद्याला कमी धास्ती, जे खिशात लपते त्याची अधिक.

पण कायद्याने दुकानातला प्रश्न मिटला, ओसरीवरचा मिटला नाही. समजा, सगळी पिस्तुले मोकळी असती. तर मी त्याला कोणते सांगितले असते?

त्याची बाजू लंगडी मुळीच नव्हती. फिलिपाइन्समध्ये अमेरिकन सैन्याला असा अनुभव आला, की .३८ च्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही मोरो योद्धे थांबत नसत. अंगावर येऊन वार करत आणि मग पडत. गोळी दुबळी असल्याने कोणाचाच जीव वाचला नाही, उलट एकाच्या जागी दोन गेले. म्हणून १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ पेक्षा लहान बोअर नको, असा निर्णय दिला. त्यातूनच पुढे १९११ चे ब्राउनिंगचे प्रसिद्ध पिस्तूल आले. तेव्हा 'कमी जोराचे ते अधिक दयाळू' हे गणित बरोबर नाही. जो थांबत नाही त्याच्यावर पाच गोळ्या झाडाव्या लागतात, आणि पाच गोळ्यांत दया कुठली?

एवढे मी कबूल केले. तरीही 'थांबवणे' हा शब्द माझ्या घशाखाली उतरेना. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी बनवली, तेव्हाही त्यांचा युक्तिवाद हाच होता : सरहद्दीवरचा पठाण साध्या गोळीने थांबत नाही. १८९९ साली हेगच्या परिषदेने ती गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. मोरो, पठाण, शिकागोची गुरे. थांबवण्याची भाषा जिथे जिथे आली तिथे समोरचा आपल्यासारखा नाही, त्याला आपल्याहून जास्त लागते, हे आधीच ठरून गेलेले दिसते.

मी त्याला विचारले, "तुझ्या समोर कोण असेल?"

तो गप्प राहिला. कारण पोलिसांना पहिला संशय आला होता तो त्याच्याच गिरणीतून काढलेल्या एका हमालावर. ते पुढे सिद्ध झाले नाही. पण त्या हमालाला तो लहानपणापासून ओळखत होता.

आत्मसंरक्षणाचा हक्क कायदा देतो, पण संरक्षणाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा देत नाही. जुन्या दंडसंहितेत हे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही आहे. त्या क्षणी माणूस भ्यालेला असतो, अंधार असतो, हात कापत असतो. न्यायाधीशही ते लक्षात घेतो. पण बोअर काही त्या क्षणी निवडलेला नसतो. तो निवडला जातो महिनोन् महिने आधी, दिवसाउजेडी, चहा पीत, ओसरीवर. एका न पाहिलेल्या माणसाच्या अंगात किती मोठे भोक पडावे हे आपण शांत डोक्याने ठरवतो. त्या निर्णयाचे ओझे भीतीवर कसे टाकायचे? मला तरी जमेना; आणि मीच तर त्याला ग्रॅम मोजून देत होतो!

आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना हे परके नाही. इथल्या पितळी भांड्यांचा लौकिक जुना, आणि काडतुसाची पुंगळीही पितळेचीच. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत साठ वर्षांपासून स्फोटके आणि दारू तयार होते, कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटतात. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला, माणसे गेली. दारूला कोण आपले आणि कोण परके हे कळत नाही.

हेच गिरणीच्या राखणदाराने मला दोन शब्दांत सांगितले होते. खांबाला बांधलेला तो हाच. "बंदुकीले ओरख नाही जी, गुरुजी. कुत्र्याले असते." झाडीपट्टीत 'ळ'चा 'र' होतो, पण वाक्य शुद्ध करून लिहावेसे वाटत नाही.

मी मग विद्यार्थ्याला त्याच्याच घराचा नकाशा काढायला लावला. जोराची गोळी चोराच्या अंगातून पार होऊन पुढे जाऊ शकते, नेम चुकला तर जातेच. त्याच्या पलंगापासून दाराकडे रेघ ओढली, तर दाराच्या पलीकडे कुडाची भिंत आणि भिंतीपलीकडे वडिलांची खाट. तो त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. "आणि तीस जानेवारीचे पिस्तूल?" मी विचारले. १९४८ सालचे ते बेरेटा आखूड काडतुसाचे होते, फौजेच्या पिस्तुलापेक्षा कितीतरी दुबळे. तीन पावलांवरून ते पुरेसे झाले.

त्याने .३२ चेच घेतले, दुसरे मिळणारच नव्हते. कुत्राही पाळला, हे राखणदाराचे यश. मी काही त्याला 'घेऊ नकोस' म्हणालो नाही; माझ्या वडिलांच्या डोक्यात कोणी काठी घातलेली नाही, तेव्हा तो अधिकार मला नाही.

पुढे एकदा धानाच्या कापणीत मी त्याच्याकडे गेलो होतो. पिस्तूल लोखंडी कपाटात असते. कुलूप तोच लावतो; पण दिवेलागणीला वडील हाताने खूण करून किल्ली मागून घेतात, उशाखाली ठेवतात आणि सकाळी परत देतात. रात्रीच तर ते लागणार, असे त्याने त्यांना दोनदा समजावून सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले, मान हलवली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे केला.