गळ्याचं माप

हुबळीच्या मराठा गल्लीत एका नामदेव शिंप्याचं दुकान होतं. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड. दोन्हीकडे त्यांची कीर्ती एकच, की यांच्या हातची कॉलर गळ्याला कधी काचत नाही. उतारवयात त्यांनाच घशाचा कर्करोग झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचं टोक पुढं आणून गळ्याच्या खालच्या भागात कातडीला शिवतात. फुफ्फुसांचा नाकातोंडाशी संबंधच उरत नाही. माणूस जन्मभर त्या छिद्रातून श्वास घेतो. १८७३ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी कर्करोगासाठी पहिल्यांदा स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून आजवर शस्त्रक्रिया कितीतरी सुधारली, पण आवाजाची किंमत मोजावीच लागते.

शिंपीमामा खचले नाहीत. याच गावात गायिका गंगूबाई हनगल घशाच्या उपचारानंतर आवाज जाड झाला तरी त्याच आवाजात गायल्या आणि थोर झाल्या. मामा कापायच्या टेबलावर काळ्या कापडावर खडूनं लिहून गिऱ्हाइकांशी बोलू लागले. धंदा चालू राहिला.

पण किरणोपचारानं कडक झालेली गळ्याची कातडी आवळत होती. व्रण भरताना आकसतोच. तो गोल असला की चहूबाजूंनी आत येतो. एके दिवशी छिद्र उघडं राहावं म्हणून घालायची नेहमीची नळी आत जाताना अडली. मामांनी एक नंबर लहान नळी आणली. काही महिन्यांनी तीही अडली, तेव्हा आणखी लहान. दम लागतो म्हणून त्यांनी माडी चढणं सोडलं. पुढं सिद्धारूढ मठापर्यंत चालत जाणं सोडलं. मग रात्री आडवं होणं सुटलं, भिंतीला टेकून झोपू लागले. दर वेळी सुटलेली गोष्ट लहानशीच होती, त्यामुळं काही बिघडलंय असं त्यांच्या मनातच आलं नाही. इकडं हिशेब मात्र क्रूर असतो: छिद्राचा व्यास निम्मा झाला की हवेची वाट पावपट उरते.

सुनेच्या ध्यानात आलं ते नळ्यांचा डबा धुताना. मोठी, मधली, बारीक, अशा तीन नळ्या शेजारी शेजारी पडल्या होत्या.

"मामंजी, गिऱ्हाइकाला सदरा तंग झाला तर तुम्ही सदरा उसवता. स्वतःच्या बाबतीत हे काय चाललंय?"

मामांनी लिहिलं, "वय झालं, पोरी."

त्याच आठवड्यात एका रात्री वाळलेला कफ त्या अरुंद छिद्रात अडकला. मामा तडफडू लागले. रुग्णवाहिकेतल्या पोरानं घाईत ऑक्सिजनचा मास्क नाकावर लावला. सुनेनं तो ओढून काढला आणि गळ्याच्या छिद्रावर धरला. ती जवळ नसती तर मामा वाटेतच गेले असते.

विद्यानगरच्या किम्स रुग्णालयात कफ काढला, श्वास सुरळीत झाला. डॉक्टर म्हणाले, "पहिली नळी अडली तेव्हाच आला असता तर जरा जरा मोठी नळी घालून छिद्र रुंदावून पाहता आलं असतं. आता कापावं लागेल."

मामांनी लिहिलं, "कडेची पट्टी कापा आणि परत शिवा."

"नुसतं तेवढं केलं तर पुन्हा गोलच व्रण, पुन्हा आवळणार. मी श्वासनलिकेच्या काठाला चिरा देतो आणि शेजारच्या निरोगी कातडीचे त्रिकोण त्या फटींत बसवतो. काठाची सलग गोल रेघ मोडली की त्याला तसं आवळता येत नाही."

मामांचे डोळे चमकले. तंग बगलेत कळी घालून सदरा सैल करणं त्यांनी आयुष्यभर केलं होतं. डॉक्टरांचं बोलणं त्यांना तिथल्या तिथं पटलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. पुढं सांगितले तितके दिवस त्यांनी मोठी नळी नेमानं वापरली आणि घरी आल्यावर आपली मोजपट्टी सुनेच्या हाती दिली. काळ्या कापडावर लिहिलं, "दर महिन्याला छिद्र तू मोज. मला सवय होते, माझ्या लक्षात येत नाही." ती अजून मोजते, वहीत लिहून ठेवते. मामा माडी चढतात.

स्वरयंत्र काढलेलं, गळ्यातून श्वास घेणारं माणूस तुमच्या घरात असेल आणि नेहमीची नळी अडू लागली, तर लहान नळी आणू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. जीव घाबरा झाला तर ऑक्सिजन गळ्याच्या छिद्राला लावायचा, नाकाला नाही. हे घरातल्या सगळ्यांना आणि शेजाऱ्यांनाही आजच सांगून ठेवा.