विहिरीच्या तोंडावरचा धोंडा
शास्त्रभाग : उत्पत्ति २९:१-१०



याकोब हारानच्या वाटेवर एका विहिरीपाशी पोहोचला, तेव्हा तिच्याभोवती मेंढरांचे तीन कळप बसले होते. दिवस पुष्कळ शिल्लक होता, विहिरीत पाणी होते, तरी कोणी मेंढरे पाजीत नव्हते. सर्व कळप जमेपर्यंत विहिरीच्या तोंडावरचा मोठा धोंडा लोटायचा नाही, असा तेथील मेंढपाळांचा नेम होता. परक्या याकोबाला ते थांबणे निरर्थक वाटले. राहेलच्या भेटीचा प्रसंग वाचण्याच्या घाईत आपणही हा नेम ओलांडून पुढे जातो. परंतु पाण्याचा प्रश्न जेथे जिवाचा असतो, तेथे कारभारीपण म्हणजे काय, हे त्या अशिक्षित मेंढपाळांना चांगले कळले होते. जे आधी आले त्यांना उशिरा येणाऱ्याचा वाटा उपसण्याचा अधिकार नव्हता.

रायपूरच्या पश्चिमेस दुर्ग जिल्ह्यातून शिवनाथ नदी वाहते. छत्तीसगड राज्य होण्याच्या दोन वर्षे आधी, १९९८ साली, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविण्यासाठी या नदीच्या सुमारे २३ किलोमीटर पात्राचा करार मध्य प्रदेशच्या औद्योगिक विकास निगमाने एका खाजगी कंपनीशी केला. मुदत होती २२ वर्षे. कारखान्यांना पाणी हवे, त्यांत आपलीच मुले पोट भरतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीरावरच्या गावांना कोणी विचारले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या केवटांना अटकाव होऊ लागला. शेतकऱ्यांच्या पंपांवर बंदी आली. लोकांनी आवाज उठविला, तेव्हा २००३ मध्ये करार रद्द करण्याची घोषणा झाली. पुढे २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीला पुन्हा तीच शिफारस करावी लागली! घोषणेचे मोल काय होते, ते वाचकांनीच ठरवावे. यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात स्वतः निर्मळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करणाऱ्या धष्टपुष्ट मेंढरांना परमेश्वर जाब विचारतो. तो अध्याय या प्रसंगाशेजारी ठेवून वाचावा.

आता तर आभाळाचा नेमही पालटला आहे. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत तिप्पट झाल्या, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसून आले. पाऊस थोड्या वेळात कोसळतो तेव्हा तो मुरत नाही, वाहून जातो. उन्हाळ्यात नदीला पाझर कोठून मिळणार? रायपूर शहर खारून नदीचे पाणी पिते, आणि ती आटू लागली की महानदीवरच्या गंगरेल धरणातून कालव्याने पाणी आणून तिला जगवावे लागते. ज्या धरणापायी कित्येक गावे उठली त्याचे पाणी आपल्या नळाला येते. हीच खारून पुढे शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. आणि महानदीच्या पाण्यावरून छत्तीसगड व ओडिशा यांच्यातील तंटा २०१८ पासून लवादापुढे गेला.

शासनाने हुकूम काढला म्हणजे नदी सांभाळली जाते, हे मला पटत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरविता घरातील माणसांवर ठरविला, भूमिहीनालाही हक्क दिला आणि उसाला मनाई केली. उसाची ही अट किती जणांच्या जिव्हारी लागली असेल! आपल्या ख्रिस्ती बांधवांपैकी येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोटाचे काम केले, तेही याच वाटेने. गावाने आधी श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवावे. पैसा मागाहून.

कोणी विचारील की, शेवटी याकोबाने एकट्यानेच धोंडा लोटला ना? होय. त्याने नेम मोडला की राहेलचा कळप हाच शेवटचा होता, हे शास्त्र स्पष्ट करीत नाही. मात्र त्याने आपले बळ उशिरा आलेल्या मुलीची मेंढरे पाजण्यात खर्चिले, एवढे स्पष्ट सांगते.

छत्तीसगडात सिंचनाच्या व्यवस्थेत शेतकऱ्यांना सहभाग देणारा कायदा २००६ साली झाला. परंतु पाणीवापर संस्थांत स्थान मुख्यत्वे जमीनधारकांना आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही तो केवट, उन्हाळ्यात वाळूवर काकडी-कलिंगडाची वाडी लावणारी बाई, घाटावर धुणे धुणारा, हे सारे अजून विहिरीपासून दूर आहेत. आपल्या मंडळ्यांत जमीनदार आहेत, अधिकारी आहेत, शिक्षक आहेत. पाण्याच्या सभेला त्यांपैकी अनेकांना बोलावणे येते. या खेपेस जाल तेव्हा बैठक सुरू होण्याआधी सभोवार पाहा, आणि कोणता कळप अजून यायचा आहे, हे विचारा.