नव्या पत्र्याचे ठिगळ

शास्त्रपाठ : मार्क २:२१



कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास लाविले असता काय होते, हे आपल्या प्रभूने सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांत शिवणटिपण करणाऱ्या बाया असतील; त्यांस विवरणाची गरज पडली नसेल. आम्हांस मात्र ते वचन नीट उमगण्यास विसरवाडीतील एका अंगणातील जुनी जीपगाडी कारण झाली. त्या प्रकरणात आमचाही दोष आहे, म्हणून तो आम्हीच सांगतो.

गेल्या महायुद्धात १९४१ ते १९४५ पर्यंत अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या घडविल्या गेल्या. पुढे १९४७ साली महिंद्रा मंडळींनी मुंबईत विलीज जातीच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, आणि कालांतराने त्या आपल्या रानावनांतील वाटांवरही दिसू लागल्या. आमच्या मंडळीतील एका घरी आजोबांची अशीच एक गाडी होती. अनेक वर्षे ती निंबाखाली उभी होती व तिच्यात कोंबड्या अंडी घालीत. दोघा नातवांनी ती घरीच दुरुस्त करण्याचे मनात घेतले. थोरल्याची इच्छा अशी की, आजोबांनी चालविली तशीच ती व्हावी. धाकट्यास रुंद चाके, मोठे इंजिन आणि नवी ढब हवी होती.

आरंभ त्यांनी फार चांगला केला. गंजून बसलेले बोल्ट रॉकेलात भिजवून काढिले, व कोणता कोठला हे लिहून डब्यांत वेगवेगळे ठेविले. ह्या गाडीची पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. ती दूर नेल्यावाचून त्यांनी वेल्डिंगची ठिणगी पडू दिली नाही. आजोबांची बैठक उचलिली तेव्हा खाली एक जुनी चांभारी चप्पल निघाली. ती आजीने धुवून ठेविली आहे.

मग आम्ही मध्ये पडलो. २०२३ चा नाताळ जवळ आला होता. गीते गाणाऱ्या मुलांस पाड्यापाड्यांतून न्यावयास ही गाडी मिळाली तर किती शोभेल, असे आम्ही त्या मुलांस म्हटले, आणि एकदा नव्हे, तीनदा म्हटले. गाडीची नोंदणी मुदतीत आहे की नाही हे आम्ही विचारिलेही नाही. मुलांस नकार देववला नाही. पायांखालचा पत्रा गंजाने चाळणी झाला होता. तो कापून काढण्यास पंधरा दिवस लागते. त्यांनी जुन्याच पत्र्यावर नवा पत्रा अंथरिला, कडा वेल्डिंगने डागिल्या, लांबी भरिली, घासून रंग दिला. गाडी आरशासारखी चमकू लागली. आम्ही प्रार्थनासभेत तिची स्तुती केली.

आता त्या पत्र्याखाली काय होते ते ऐका. ब्रेकचे द्रव ज्या नळकांड्यातून चारी चाकांकडे जाते, ते ह्या गाडीत चालकाच्या पायांखालीच असते, आणि त्यात द्रव पाहण्याची व भरण्याची वाट जमिनीच्या पत्र्यातील एका झाकणातून असते. नव्या पत्र्याने ते झाकणच बुजले. जुन्या रबरी वाट्यांतून थेंबथेंब गळत होते, पाहणार कोण? चारी चाकांचा मार्ग एकच, म्हणून एके ठिकाणी गळाले की चारही चाकांचा ब्रेक जातो.

कोंडाईबारीच्या घाटाकडून विसरवाडीस उतरताना पायदांडी तळास टेकली. मागे अकरा मुले होती. ह्या जीपचा हातब्रेक द्रवावर चालत नसून गिअरपेटीच्या मागील दांड्यास धरितो. थोरल्याने तो ओढिला व गाडी खालच्या गिअरात घातली. ती रस्त्याच्या कडेस मातीत थांबली. कोणास खरचटलेदेखील नाही. मुलांनी वाटले की मुद्दामच थांबविली, आणि ती गाऊ लागली. आम्हांस गाता आले नाही.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रीने हातोडीने पत्रा ठोकून दाखविला. निरोगी लोखंड खणखणते. कुजलेले भदभद करिते. डागिलेल्या कडांवर नवा पत्रा शाबूत होता, त्याच्या लगतचा जुना मात्र फाटला होता. पातळ झालेले लोखंड वेल्डिंगच्या आचेने जळते, नव्याचा ताण त्यास सोसत नाही. "चकचकीत धातू लागेपर्यंत कापीत जा, बाळ," तो म्हणाला, "मग जोड." तो आपल्या मंडळीतला नव्हे, पण आमच्या शास्त्रपाठाचे विवरण त्यानेच केले. पापाचे तसेच आहे. ज्यास आपण पश्चात्ताप म्हणतो तो बहुधा लांबी भरणे असतो, आणि सभेत त्याची स्तुती करणारे आम्हांसारखे पुष्कळ असतात.

धाकट्याने आम्हांस एक प्रश्न विचारिला, तो सोडून देण्याजोगा नाही. देव सर्व काही नवे करितो, तर गाडीने जुनेच रूप का धरावे? हरियाणातील डबवाली येथे जुन्या जीपगाड्यांस नवे सांगाडे चढवून देण्याचा मोठा धंदा चालतो, हेही त्याने दाखविले. आम्ही त्यास म्हटले, नवेपणात दोष नाही. पण मोठ्या इंजिनाचा वेग जुन्या ब्रेकांनी आवरावा लागेल, हे आधी मोजून पाहा. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे, आणि निर्मात्याने ठरविलेल्या मूळ घडणीत मूलभूत बदल करिता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. पन्नास वर्षांवरील गाड्यांकरिता २०२१ मध्ये निराळे नियम झाले. त्यांत नोंदणीची फी वीस हजार रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. परंतु चासी, सांगाडा व इंजिन बदललेले नसावे, आणि अशी गाडी रोजच्या कामास वापरू नये, अशी अट आहे. ह्या घरच्यांस तर तिच्यातून भात बाजारास न्यावयाचा आहे. म्हणून त्यांनी साधीच नोंदणी ठेवून तपासणीस जाण्याचे ठरविले. इंजिन आजोबांचेच राहील. रंग मात्र धाकट्याच्या पसंतीचा, व तो बदल कागदावर नोंदवून.

काम पुन्हा पहिल्यापासून चालले आहे. जमिनीचा पत्रा समूळ काढिला. रबरी वाट्या व नळ्या नव्या घातल्या. नव्या पत्र्यात ब्रेकच्या नळकांड्यावर झाकण ठेविले आहे, दोन स्क्रूंचे. पुढच्या नाताळास मुले बसण्यापूर्वी ते सर्वांदेखत उघडावयाचे, असे आजीने ठरविले आहे. पेचकस आम्हीच आणावयाचा आहे.