जाळ्याला डोळे नसतात

सिडनीत राहणाऱ्या एका मालवणी मुलाची ही गोष्ट. बायको बाळंत झाली म्हणून गावाहून त्याची आई आली. तिचा जन्म बाजारात मासे विकण्यात गेलेला. नातवाला पोटभर बघून झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "हंय मोरी गावता?"

मोरी म्हणजे शार्क. काही ठिकाणी तिलाच मुशी म्हणतात. लहानशी मोरी घ्यायची, गरम पाण्यात बुडवून तिचं खरखरीत कातडं काढायचं आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात मटणासारखी शिजवायची. तिनं बाळंतिणीला दूध येतं, असं कोकणात मानतात.

मुलानं दुकानातून 'फ्लेक' आणलं. ऑस्ट्रेलियात या नावानं शार्कच खपते, बहुतेक वेळा गमी शार्क. आईनं तो कातडं नसलेला पांढरा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "डोक्याबगर मासो! हो कोणाचो कोण, कसा समजतला?"

मुलाला हे लागलं. तो हौशी फ्रीडायव्हर होता, म्हणजे टाकीशिवाय बुडी मारणारा, आणि स्पीअरगन, म्हणजे भाला सोडणारी बंदूक, बाळगून होता. "आये, तुका डोक्यासकट हाडून देतंय," असं तो बोलून बसला.

न्यू साउथ वेल्समध्ये पाठीला हवेची टाकी लावून भाल्यानं मासे मारायला बंदी आहे. भालेवाल्यानं जे करायचं ते एका दमात. मुलाला हे शिकवलं होतं ऐंशीला टेकलेल्या एका ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्यानं. त्यानं शिकवणीचे पैसे कधी घेतले नाहीत आणि तोंडही कधी बंद ठेवलं नाही.

रविवारी दोघं सिडनीतल्या मरूब्राच्या दक्षिणेला मॅजिक पॉइंटवर गेले. स्पीअरगन गाडीतच राहू दे, असं म्हाताऱ्यानं बजावलं होतं. तिथल्या कपारीत ग्रे नर्स शार्क असतात. अंगानं तीन मीटरपर्यंत वाढणारे, तोंडाबाहेर सुयांसारखे दात आलेले, आणि तरीही जागच्या जागी तरंगत राहणारे. पृष्ठभागावर येऊन हा मासा हवा गिळतो आणि ती पोटात धरून पाण्यात लोंबकळतो. माणूस जवळ आला तरी घाईनं पळत नाही.

वर आल्यावर मुलगा म्हणाला, "यांना मारणं किती सोपं असेल!"

"फारच सोपं होतं," म्हातारा म्हणाला. "मी मारलेत."

मग त्यानं सांगितलं. 1950 आणि 60 च्या दशकांत इथले भालेवाले ग्रे नर्सच्या मागे लागले. भाल्याच्या टोकाला स्फोटक लावायचं, माशाच्या डोक्याला टेकवायचं, झालं. दात पाहून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हा नरभक्षक. खरं तर तो मासे खातो. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण धक्क्यावर टांगलेल्या धुडाशेजारी फोटो काढून घेणारा शूर ठरत होता. खाल्ला कुणी? क्वचितच. फोटो झाला की धूड कचऱ्यात.

त्या काळचा सर्वांत नावाजलेला भालेवाला म्हणजे रॉन टेलर, 1965 साली ताहितीत झालेल्या स्पर्धेतला जगज्जेता. त्याची बायको व्हॅलरीही भाल्याच्या स्पर्धा जिंकणारी. दोघांनी पुढे भाला टाकून कॅमेरा हातात घेतला आणि याच माशाची वकिली केली. 1984 मध्ये न्यू साउथ वेल्सनं ग्रे नर्सला कायद्याचं संरक्षण दिलं. शार्कला असं संरक्षण देण्याची जगातली ती पहिलीच वेळ. (आपण देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, 2001 मध्ये दिलं.)

"आम्हाला दात दिसले," म्हातारा म्हणाला, "बाकी काही दिसलं नाही."

बाकी म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. ग्रे नर्सच्या मादीला दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकात सर्वांत मोठं झालेलं पिल्लू उरलेल्या भावंडांना पोटातच खाऊन टाकतं. म्हणून जन्माला येतात दोनच, सुमारे मीटरभर लांबीची, तीही साधारण दोन वर्षांतून एकदा. स्फोटक भाल्याच्या वेगापुढे हा वेग कसा टिकणार?

पुढच्या सुट्टीला मुलगा गन घेऊन दुसरीकडे गेला. तिथं गमी शार्क मारायला परवानगी होती. खडक संपून वाळू सुरू होते तिथं एक करडी, सडपातळ शार्क संथपणे समोरून आली. मीटरभराहून थोडी मोठी. नेम सोपा होता. पण गमी शार्कसारखीच दिसणारी एक स्कूल शार्क असते. तिची मादी वयात यायला दहा वर्षांहून जास्त लागतात, आणि जगभराचा हिशेब धरला तर ती अतिसंकटग्रस्त आहे. पाठीवरचा मागचा पर मोठा की छोटा, अंगावर पांढरे ठिपके आहेत की नाहीत, हे पाहायचं होतं. छातीत दम संपत आलेला. मुलाला ठिपके दिसले नाहीत. ते नव्हते, की त्यानं नीट पाहिलं नाही, हेही त्याला सांगता येईना. तो रिकाम्या हातानं वर आला.

घरी आईसमोर उभं राहताना त्याला शिकार न मिळाल्यापेक्षा बढाईची लाज वाटत होती. त्यानं कपारीतल्या ग्रे नर्सपासून सगळं सांगितलं. आईनं बाजारातल्यासारखा नेमका प्रश्न केला.

"तिका पोरां किती होतत?"

"दोन. ती पण दोन वर्सांनी."

"मगे आमची म्हस बरी." ती थोडा वेळ गप्प बसली. आपल्या किनाऱ्यावरची छोटी मुशी लवकर वयात येते आणि एका वेळी दहा-बाराहून जास्तही पिल्लं देऊ शकते. तिनं ती पोटात पिल्लं असलेलीही कापली होती, विकली होती. त्याबद्दल तिनं काही साळसूदपणा केला नाही. "आमच्या जाळ्यात इली ती इली. जाळ्याक डोळे नसतत. तुका तर देवान डोळे दिल्यान ना? मगे वळखून मार, नायतर मारू नको."

आता माझं मत. शार्क खाणं हे पाप नाही. मालवणला कुणी तसं सांगू जाऊ नये. पण एकेक मासा निवडून मारता येतो, असं भालेवाले अभिमानानं सांगतात, आणि तो अभिमान माशाची ओळख असेल तेवढाच खरा. ओळख नसलेला भालेवाला जाळ्यापेक्षा वाईट, कारण जाळ्यानं डोळे असल्याचा दावा कधी केलेला नाही. खायचं नाही त्याला मारणं तर या चर्चेतही बसत नाही.

सुनेचं काय झालं? गरोदरपणी तिला सांगितलं होतं की शार्क पंधरवड्यातून एकदाच, दीडशे ग्रॅम, आणि त्या पंधरवड्यात दुसरा मासा नाही. शार्कच्या मांसात पारा साठतो म्हणून ऑस्ट्रेलियाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा गरोदर बायकांना हा सल्ला असतो. सून बाळंतपणानंतरही तो पाळत होती. आईला तो पटला नाही, तरी तिनं वाद घातला नाही आणि सुनेला दुसऱ्या माशाचं सार करून घातलं.

मुलानं पुढच्या उन्हाळ्यात एक गमी शार्क मारली, पांढरे ठिपके नीट पाहून. होडीवरच रक्त काढून ती बर्फात ठेवली, कारण शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो आणि उशीर झाला की अमोनियाचा वास सुटतो. आई तोवर मालवणला परतली होती. तिनं फोनवरून वाटप सांगितलं आणि आधी डोकं दाखवायला लावलं.

ग्रे नर्सला संरक्षण मिळून चाळीस वर्षं उलटली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तो आजही अतिसंकटग्रस्तच आहे.