जंबूकाका आणि ‘तोच हा’ ही ओळख

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट तयार केला आणि लोककथांतला धूर्त कोल्हा चित्रपटगृहाच्या पडद्यावर चालू लागला. मात्र चालणारा असा तेथे कोणी नसतोच. प्रत्येक चौकटीतले चित्र निराळे असते, त्यात पाऊल किंचित पुढे आणि शेपटी किंचित वर सरकलेली असते, आणि सेकंदाला चोवीस चौकटी सरकल्या की प्रेक्षक त्या सर्वांना मिळून एकच ‘काका’ मानतो. या मानण्याला आधार कोणता? न्यायदर्शन प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘तोच हा’ ही ओळख, वस्तूच्या स्थायित्वाचे प्रमाण मानते. बौद्धांचा क्षणभंगवाद, म्हणजे सर्व काही क्षणोक्षणी नष्ट होते हे मत, त्याच ओळखीला सादृश्यातून उपजलेला भ्रम ठरवतो. चित्रातील प्राण्याबाबत बौद्ध पक्ष निःसंशय सरस आहे, कारण चौकटींमागे कोणतेही द्रव्य नाही. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’तला मिकी माऊस आणि १९४० च्या ‘फँटेशिया’त बुबुळांचे डोळे लाभलेला मिकी यांत तर चेहराच पालटला, तरी ओळख टिकली. पडद्याबाहेरही ओळख अशीच टिकते: आंबी नदीवरील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, पुढे पुन्हा बांधले गेले आणि दोन्हींचे नाव एकच राहिले. पण तेथे नदी आणि दरी कायम असल्याने नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याला, बोलायला जागा उरते. जंबूकाकाला तेवढाही आधार नाही. त्याचे असणे मागचे चित्र पाहून पुढचे काढणाऱ्या हातावर आणि ती चित्रे जोडणाऱ्या प्रेक्षकाच्या स्मृतीवर उभे आहे, आणि ही स्मृती कोणाची, असे विचारून नैयायिक येथे पुन्हा आत्म्याचा पक्ष मांडतो.